आरशाची सोय

आई हसली नाही. झालं होतं ते एवढंच. रोजच्यासारखं लेक कामावरून आली, हातपाय धुतले, देवापुढे डोळे मिटून थोडी उभी राहिली आणि संगणकासमोर बसून तिने आईला कॉल लावला. पडद्यावरचं राखाडी चाक फिरलं, थांबलं, आईचा चेहरा उमटला, आणि त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एरवी चाक थांबतं न थांबतं तोच आई हसत असायची, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगता सांगता मध्येच थांबल्यासारखी. त्या हसण्यापाशी तिचा दिवस येऊन टेकायचा. आईचा आवाज कानावर पडल्याशिवाय रात्री घास तोंडात घालायचा नाही, असा तिचा नेम होता. वडील गेले त्या वर्षी कुणाला न सांगता धरलेला. बदल्यात देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं की तो सौदा होतो, असं तिला वाटे. आवाज तर आजही येणारच होता, पण नेमात न धरलेलं ते हसू आपण रोज वरकड म्हणून घेत आलो होतो, हे तिला आज ते न मिळाल्यावर कळलं. “काय गं, बरं नाही का?” तिने विचारलं. “अक्का आली नाही आज,” आई म्हणाली. तक्रार अशी नव्हती. पेपर आला नाही म्हणावं तसं. “कोण अक्का?” “कोण अक्का काय विचारतेस? माझी अक्का.” अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मागून वहिनीचा आवाज आला, “सकाळपासून हेच चाललंय, वन्सं. पडद्याच्या मागे जाऊन बघतात, टेबलाखाली बघतात. तेवढीच माझी झाडलोट होते म्हणा.” ती हसली, कारण वहिनीच्या बोलण्यावर हसायचं असतं. आई मात्र पडद्याकडे बघत होती, आणि तो पडदा म्हणजे आपण, हे आईला ठाऊक आहे की नाही, याची तिला एकाएकी खात्री वाटेना.

जेवताना तिचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या पडद्याकडे गेलं. ज्या खिडकीतून आई दिसत होती, ती खिडकी तिनेच घडवलेली. संगणकावरच्या कॅमेऱ्याचा तो प्रोग्रॅम तिच्या कंपनीचा, आणि माणसाला तो हाताळायला सोपा करणं हे तिचं काम. ती कंपनीत आली तेव्हा त्याची दशा अशी होती की उघडल्यावर आपण विमान चालवायला बसलोय की काय असं वाटावं. सगळीकडून बटणं. चित्र उजळ करायची पट्टी एका कोपऱ्यात, आवाजाची दुसऱ्या, आणि बंद करायचं बटण ‘इतर’ नावाच्या कप्प्यात दडवलेलं. मधोमध आपलंच मोठं चित्र, समोरचा माणूस येईपर्यंत आपल्याकडे टक लावून बसलेलं, हललो की अर्ध्या क्षणाने हलणारं. ती माणसं बोलावून त्यांना समोर बसवायची आणि काचेपलीकडून बघायची. काही सांगायचं नाही, हात पुढे करायचा नाही, फक्त माणूस कुठे अडखळतो ते बघत राहायचं. हे बघणं तिला जपासारखं वाटे. माणसाला विचारायची पाळी आली तर चूक आपली, हे तिचं वाक्य. सगळ्या कचेरीत ते पसरलं होतं, आणि त्यातला “पाळी आली” हा तिचा हलका सूर काढून तिची टिंगलही व्हायची. एक निवृत्त मास्तर आले होते. पडद्यावर आपली कॉलर दुमडलेली दिसली म्हणून त्यांनी हात वर केला, तर पडद्यातला हात भलत्याच बाजूला. पुन्हा केला, पुन्हा भलतीकडे. शेवटी नीट होती ती कॉलरही दुमडून मास्तर म्हणाले, “हा गृहस्थ माझं ऐकत नाही.” काचेपलीकडे सगळे पोट धरून हसले होते. तिने मात्र त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. लोक स्वतःला आरशात बघत आलेत, पडद्यातही आरसाच हवा. डावा हात डावीकडे हलला पाहिजे, आणि हलवला की तत्क्षणी. नव्या आवृत्तीत तिने आरसा दिला. कोड लिहिणारा गृहस्थ, कचेरीभर ज्याला उद्याबुवा म्हणत कारण त्याच्याकडून काहीही उद्याच मिळे, त्याने तो अर्ध्या क्षणाचा उशीरही काढून टाकला. आरसा चालू-बंद करायचं एक बटण राहिलं होतं, ते तिनेच उडवलं. कुणाला कशाला हवा असेल उलटा चेहरा? ही आवृत्ती आदल्या रात्रीच सगळ्यांच्या संगणकांवर आपोआप चढली होती. बैठकीत ती दरवेळी म्हणायची, “माझ्या आईला न विचारता जमलं पाहिजे.” लोकांना ती बोलायची पद्धत वाटे. तिच्या लेखी ती खरीखुरी आई होती, भावाच्या घरी, मागच्या खोलीत, टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला खाली गेले असताना तिने जुनी आणि नवी आवृत्ती शेजारशेजारच्या पडद्यांवर उघडली. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. डावीकडे जुनी ती, उजवीकडे नवी ती. नवी ओळखीची होती, रोज सकाळी न्हाणीघरात भेटते ती. जुनी मात्र जराशी परकी. नाक किंचित दुसरीकडे कललेलं, भुवई भलतीच वर. आपल्यासारखी कुणीतरी, जवळच्या नात्यातली. तिने मान हलवली. नव्या चित्राने तिच्याबरोबर हलवली. जुनं अर्धा क्षण थांबलं, मग हललं, विचार करून होकार दिल्यासारखं. तिने पुन्हा मान हलवली, फक्त जुन्याकडे बघत. अक्का अशीच बोलायची. काही विचारलं की आधी थांबायची, आपलं बोलणं आत जाऊन कुठेतरी टेकलंय असं वाटायला लावणारं ते थांबणं, आणि मग मान. लहानपणी सुटीत तिच्याकडे गेलं की त्या थांबण्याची भीती वाटे, आणि मग त्याचीच सवय होई. दोघी बहिणी चेहऱ्याने सारख्या. दोघींच्या कपाळावर केसांचा एक हट्टी भोवरा, त्यामुळे भांग डाव्या बाजूलाच पडायचा, दुसरीकडे पाडला तर केस उभे राहायचे. आई आरशात बघायची तेव्हा तो तिला डावीकडे दिसायचा. समोर बसलेल्या अक्काचा मात्र उजवीकडे, कारण समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. जुन्या खिडकीत आईला जी बाई दिसत होती तिचा भांग उजवीकडे होता. ती आरशातली आपण नव्हे हे आई पक्कं ओळखून होती. ती समोर बसलेली अक्का होती, म्हातारी झालेली, थांबून मान डोलावणारी. म्हणजे त्या दोघी बोलत असत. दिवसभर उघड्या राहणाऱ्या त्या खिडकीत, कॉल लागायच्या आधी, वहिनी स्वयंपाकघरात असताना, भाऊ कामावर गेल्यावर. आणि संध्याकाळी चाक थांबल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे हसू असे ते अक्काशी चाललेल्या गोष्टीचं असे. आपण मध्येच दार उघडून आत आलेलो. इतकी वर्षं ते आपलंच म्हणून घरी नेलं. तिने दोन्ही पडदे बंद केले. काळ्या काचेत ती पुन्हा दिसलीच, कोणत्या बाजूची ते बघायचं तिने टाळलं.

बैठकीत तिने तो विषय काढला तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. “आरसा बंद करायची सोय परत ठेवावी, असं वाटतं.” प्रमुख बाई कागद चाळता चाळता थांबल्या. मनाच्या वाईट नव्हत्या त्या. कुणाच्या घरी आजारपण असलं की सगळ्यांआधी चौकशी करत. “का गं? तक्रारी तर बंद झाल्यात. किती जणांनी मागितलंय?” “एकीने.” “कुणी?” “माझ्या आईने. म्हणजे तिने मागितलं नाही. तिला मागता येत नाही.” कुणीतरी खुदकन हसलं, मग न हसल्यासारखं केलं. तिने सांगायचा प्रयत्न केला. भांग, अक्का, अर्धा क्षण. सांगता सांगताच तिला ऐकू येत होतं की हे बोलणं या खोलीत टिकणारं नाही. इथे काचेची टेबलं होती, भिंतीवर आलेखांच्या रेघा वर चढत होत्या, आणि आईचा कपाळावरचा भोवरा त्यात कुठेच बसत नव्हता. प्रमुख बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. “आईंची काळजी घे. रजा हवी तर घे. पण एका माणसासाठी बटण? तूच शिकवलंस ना आम्हाला, एक बटण वाढलं की हजार माणसं अडखळतात.” शिकवलं होतं खरं. ती मास्तरांच्या कॉलरीबद्दल विचार करत राहिली. ते आता आपल्या घरी बसून कॉलर नीट करत असतील, पहिल्या झटक्यात, आणि त्यांना कुणाची आठवणही येत नसेल. चांगलंच होतं ते. त्यात खोट काढता येत नव्हती.

नंतरचे दिवस संध्याकाळीच सुरू व्हायचे आणि संध्याकाळीच संपायचे. चाक थांबायचं, आईचा चेहरा यायचा, सपाट, पुसलेला. “जेवलीस?” “हो.” “औषध घेतलंस?” “हो.” तेवढ्या दोन शब्दांवर नेम पुरा व्हायचा आणि ती ताटावर बसायची, देवाला फसवल्यासारखं वाटायचं, पण देवाने कधी आवाजाची लांबी ठरवून दिली नव्हती. एकदा मध्येच आई म्हणाली, “ती समोर एक म्हातारी बसवलीय कुणीतरी. सारखी माझ्याकडे बघते.” “ती तूच आहेस, आई.” “ठाऊक आहे मला,” आई म्हणाली, “म्हणून तर सांगतेय.” त्या रात्री तिने फार वेळ प्रार्थना केली आणि आयुष्यात पहिल्यांदा काही मागण्याच्या अगदी जवळ आली. मागायचं तरी काय? अक्का परत दे, असं देवाला म्हणायचं, की एक बटण दे? ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं. मग एक दिवस उद्याबुवा तिच्या टेबलाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि एक पेनड्राइव्ह ठेवला. “जुनी आहे, आईंच्या संगणकावर चढवा. नव्याला आपोआप घुसू देणार नाही अशी सोय केलीय. कुणाला दाखवू नका. तो उशीरही ठेवलाय.” “आज दिलंत?” ती म्हणाली. तो लाजला. “कधीतरी होतं तसं.” तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तिने नुसतं विचारलं, “आणखी एक बघाल का? नव्या आवृत्तीत आरसा समोरच्या माणसालाही जातोय बहुतेक. काल आई मला उलटी दिसली. भांग दुसऱ्या बाजूला.” “शक्यच नाही,” तो म्हणाला. “मी स्वतः तपासलंय.” “दिसलं ना मला.” “बरं, उद्या बघतो,” तो म्हणाला, आणि ती मनातल्या मनात हसली. आठवडाभर ती दोन चित्रांच्या सरळ-उलटात इतकी रुतून बसली होती, की भांग दुसऱ्या बाजूला दिसल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नाही. चित्र उलटं असू शकतं, एवढंच तिच्या धंद्याने तिला शिकवलं होतं.

रविवारी ती भावाकडे गेली. दार वहिनीने उघडलं, ओल्या हातांनी. “या या, वन्सं! अगदी वेळेवर. आज सकाळपासून जरा बऱ्या आहेत हो त्या. तुम्हाला सांगायचंच होतं, अहो, गंमत म्हणजे...” “येते हं, आधी एवढं काम करून घेते,” असं म्हणत ती चपला काढता काढताच मागच्या खोलीकडे वळली. पेनड्राइव्ह मुठीत गरम झाला होता. आई पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. “आलीस?” आई म्हणाली, आणि आवाजात काहीतरी उमललेलं होतं, पण तेव्हा तिचं लक्ष टेबलाकडे होतं. नेम निदान आज समोरासमोर पुरा झाला, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. तिने खुर्ची ओढली. पडद्यावरच्या पट्टीवर नवी आवृत्ती, तिचीच, गोल कोपऱ्यांची, मोजक्या बटणांची; ती काढून टाकताना तिला आपण स्वतःच्या हाताने आपलाच उंबरा खणतोय असं वाटलं. जुनी चढत असताना हिरवी रेघ सावकाश भरत गेली. खोलीला औषधांचा आणि उन्हात वाळलेल्या चादरींचा वास होता. टेबलावर कॅमेऱ्याशेजारी पाण्याची वाटी आणि कंगवा होता, ते तिने बघितलं आणि कडेला सरकवलं. मग ती सगळी जुनी पसारेदार खिडकी उघडली, बटणांची जत्राच, आणि तिला भरून आलं. “ये आई, बस,” ती म्हणाली. “अक्का आलीय.” आई उठली. पदर सारखा केला. खुर्चीत बसताना तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, तेच, चाक थांबायच्या आतलं, आणि या वेळी ते बाजूने दिसत होतं, कुणाच्या तरी घरी खिडकीतून डोकावल्यासारखं. आईने पडद्याकडे बघितलं. पडद्यातल्या बाईने अर्धा क्षण थांबून आईकडे बघितलं. हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग गालांतून, आणि ओठांवर उगाच थोडा वेळ राहिलं. “ही मीच आहे,” आई म्हणाली. “अगं नाही, नीट बघ तरी.” “मला मी कळते गं.”

दारात वहिनी हात पुसत उभी होती. “तेच तर सांगत होते तुम्हाला,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली थट्टा मध्येच विरली. “परवापासून भांग उलट्या बाजूला पाडून मागतायत. केस बसत नाहीत तिकडे, तो मेला भोवरा. मग पाणी लाव, चिमटा लाव. आणि मग बसल्या ना गप्पा मारत आज सकाळभर! अक्का आली, अक्का आली. मी म्हटलं, चला, सुटलो.” तेव्हा तिने आईकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा. ओले केस उजवीकडून दुभागलेले, कपाळावरचा भोवरा चिमट्याने दाबून धरलेला, तरी चार पांढऱ्या बटा उभ्या. न्हाणीघरातल्या आरशात अक्का नव्हती, तिथे कोण असतं ते आईला ठाऊक होतं. अक्का यायची ती या पडद्यात. ती येईनाशी झाली तेव्हा आईने बसून, विस्कटलेल्या डोक्याने, कुणाला काही न विचारता, ती कुठल्या बाजूने येईल ते शोधून काढलं होतं. नव्या आरशात डावा भांग म्हणजे आपण, तर उजवा म्हणजे अक्का. आणि आपण आज येऊन चित्र पुन्हा उलटं करून ठेवलं, त्यामुळे तोच भांग आता डावीकडे दिसत होता आणि पडद्यात आरशातली आई बसली होती. परवा कॉलवर दिसला होता तो भांग. बिघाड म्हणून दिसला होता. “थांब हं, आई, एक मिनिट, मी परत करते तसं,” ती म्हणाली. जुनी काढली. नवी चढवली. हिरवी रेघ पुन्हा त्याच संथपणे भरत गेली, आणि ती भरेपर्यंत तिने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, मोजकं, तोंडातल्या तोंडात. पण नाव कुठे लागतच नव्हतं, गुळगुळीत दगडावरून हात घसरावा तसं ते पुढे पुढे घसरत होतं. नवी खिडकी उघडली. “बघ आता. आता बघ, आई.” आई बघत नव्हती. तिने चिमटा काढून टेबलावर ठेवला होता. ओला भोवरा हळूहळू उभा राहत होता.

“दोनदा गेली ती,” आई म्हणाली. “आता नको बोलावूस.” “आता येईल गं. नक्की येईल. मी तसंच केलंय, तुझ्यासारखं.” “तिला त्रास होतो,” आई म्हणाली, समजूत घालावी तसं. “सारखं ये, जा. म्हाताऱ्या माणसाला किती पळवायचं?” वहिनी नजर वळवून आत निघून गेली. पडद्यात दोघी होत्या, बसलेली आणि मागे उभी असलेली, आणि त्या जेव्हा हलल्या तेव्हा लगेच हलल्या, कसलाही विचार न करता. तिने पडदा बंद केला नाही. बंद केला असता तर ते बंद करणंही आपणच केलं असतं. तिने कंगवा उचलला, वाटीत बुडवला, आईच्या मागे उभी राहिली. आईचं डोकं हाताखाली लहान झालं होतं, पाखरासारखं गरम. ती कंगवा कपाळाशी नेऊन थांबली. डावीकडे नेला तर आई आई होणार, उजवीकडे नेला तर अक्का, आणि आईला दोघींपैकी कुणीही नको होती. “कुठे पाडू, आई?” तिने विचारलं. माणसाला विचारायची पाळी आली होती. आईने जराही वेळ घेतला नाही. “पाडू नकोस. सगळे मागे फिरव.” तिने फिरवले. मागे फिरवलेल्या केसांखाली आईचं कपाळ मोठं आणि उघडं दिसू लागलं, कुणाच्याही आईचं असावं तसं. पाण्याचा एक थेंब त्यावरून ओघळत भुवईत थांबला, तो आईने पुसला नाही, तिनेही नाही. स्वयंपाकघरात ताटं मांडल्याचा आवाज झाला. “वन्सं, चला, पानं घेतलीत,” वहिनीने हाक मारली, आणि मग जरा हळू, “जेवणार ना? तुमचं काहीतरी असतं ना ते.” कंगव्यात अडकलेले पांढरे केस ती एकेक करून सोडवत राहिली. आईचा आवाज ऐकून झाला होता. नेमाप्रमाणे आता जेवायला काही हरकत नव्हती.